गॅस सरत नाही, गळतो

माझ्या पिढीतल्या मध्यमवर्गीय गृहस्थाच्या कर्तबगारीची एक ठरलेली परीक्षा असे. भर रस्त्यात स्कूटर बंद पडली की ती एका अंगावर कलंडवायची, पुन्हा सरळ करायची आणि किक मारायची. तेवढ्याने भागले नाही तर डिकीतून पान्हा काढायचा, प्लग खोलायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि फुंकर मारून परत बसवायचा. बायको कडेवरच्या पोराला घेऊन झाडाखाली उभी. येणारेजाणारे सल्ले देत आहेत. आणि पाचव्या किकला स्कूटर फुरफुरली, की त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज येई ते बढतीची ऑर्डर हातात पडल्यावरही येत नसे. मी बँकेत बत्तीस वर्षे नोकरी केली, चार-पाच कादंबऱ्या लिहिल्या. पण आपण अगदीच निरुपयोगी नाही हे मला खात्रीने कळले ते प्लग साफ करताना.

हा अभिमान म्हातारपणी नडतो. २०२४ च्या मे महिन्यात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, मी नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचे बॉनेट उघडून उभा होतो. एका हातात गॅसचा डबा, दुसऱ्या हातात घड्याळासारखा काटा असलेली नळी, नाकावर चष्मा. गाडीच्या एसीत घरच्या घरी गॅस भरायचा माझा बेत होता. त्या दुपारी जे घडले ते सांगण्यासारखे नाही; पण त्यातून जे कळले ते मात्र प्रत्येक गाडीवाल्या घराला सांगावे असे आहे. म्हणून आधी स्वतःची फजिती सांगतो.

गाडीतल्या एसीला मी आयुष्यभर चैन मानत आलो. २०१३ साली छोटी गाडी घेतली तेव्हा तिला एसी होता. पण खाली काच, वर डोक्याला रुमाल, हीच आमची पद्धत. २०२२ मध्ये सौ.ची बायपास झाली आणि चित्र बदलले. दर पंधरवड्याला खारघरला तपासणीसाठी न्यायचे. अंतर म्हणाल तर दहा किलोमीटर; पण कळंबोली सर्कलला ट्रेलरच्या रांगेत सापडलात तर तासाची निश्चिंती. डॉक्टरांनी बजावले होते, उन्हात अजिबात ठेवू नका. पुढे १६ एप्रिल २०२३ ला त्याच खारघरच्या उघड्या मैदानावर एका समारंभाला आलेली माणसे उष्माघाताने कोसळली आणि १४ जण दगावले. मैदान ओळखीचे, ऊन ओळखीचे. त्या दिवसापासून गाडीतला गार वारा ही माझ्या लेखी चैन उरली नाही. औषधाच्या पिशवीतली ती आणखी एक गोष्ट झाली.

आणि नेमका तोच टिकेना. तीन उन्हाळ्यांत चार वेळा मी गाडी रस्त्याकडेच्या एका गॅरेजात नेली. चारही वेळा तेच वाक्य : ''काका, गॅस संपलाय.'' वीस मिनिटांत नळी लावली, काढली, सोळाशे रुपये घेतले. गाडी बर्फासारखी गार. पावती नाही. चार-सहा महिन्यांनी पुन्हा कोमट वारा. चौथ्या खेपेनंतर माझ्यातला स्कूटरवाला जागा झाला. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तो फोनवर म्हणाला, ''मामा, इथे गाड्यांच्या दुकानात डबा मिळतो, लोक घरीच भरतात.'' तसा डबा आपल्याकडेही मिळतो. साडेचारशे ग्रॅमचा डबा, नळी आणि काटा असा संच मी कुरिअरने मागवला.

काट्यावर हिरवी पट्टी होती. काटा त्या पट्टीत येईपर्यंत भरा, असे डब्यावर लिहिलेले. काटा पट्टीत आला, पण वारा गार होईना. मी आणखी भरला. वारा अधिकच कोमट झाला. डबा रिकामा झाल्यावर नळी काढू लागलो, तर तोंडावरची बारीक खीळ आत अडकली आणि फुस्स करून पांढरा धूर उडाला. हाताने ते तोंड दाबायची बुद्धी मला कुणी दिली कोण जाणे. डब्यातला नवा आणि गाडीतला जुना, सगळा गॅस दोन-तीन मिनिटांत निघून गेला. उजव्या हाताची दोन बोटे पांढरीफटक पडली, आणि पुढे पंधरा दिवस त्यांवर फोड होते. या गॅसचे द्रवरूप साध्या हवेत उणे २६ अंशाला उकळते, म्हणजे ते अंगावर पडले तर कातडी गोठते, हे मी नंतर वाचले.

आवाज ऐकून सौ. खाली आली. बोटे पाण्याखाली धरायला लावून तिने शांतपणे विचारले, ''अहो, बँकेत असताना कुणाच्या खात्यातले पैसे असे वाऱ्यावर सोडले असते तर?'' तिला काय उत्तर देणार?

दुसऱ्या दिवशी, काचा खाली करून, मी गाडी पळस्पे फाट्याकडच्या एका तरुणाकडे नेली. तो आयटीआय झालेला. उरणच्या बंदरातून ये-जा करणाऱ्या थंड कंटेनरची यंत्रे तो दुरुस्त करतो आणि सवडीने गाड्यांचे एसी बघतो. चार वेळा गॅस भरल्याचे मी सांगितले तेव्हा तो हसला. म्हणाला, ''काका, ग्यास काय पेट्रोल हाय का सरायला? त्यो सरत नाय, गळतो. कुठनं गळतो ते बघितलं का कुणी?''

चार खेपांत कुणीच बघितले नव्हते. मीही विचारले नव्हते.

या एका वाक्यात सगळे शास्त्र आहे. आपल्या घरातला मातीचा माठ आठवा. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून पाणी गार होते. आणि पाणी उडून जाते म्हणून माठ रोज भरावा लागतो. गाडीतला एसीही माठच आहे, फक्त बंद माठ. डॅशबोर्डच्या मागे एक जाळी असते. तिच्यात द्रवाचा वायू होतो आणि गाडीतली उष्णता तो शोषतो. इंजिनवरचा कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो. पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या पुढ्यात असलेल्या दुसऱ्या जाळीत तो उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो आणि परत आत जातो. तेच साडेतीनशे-पाचशे ग्रॅम पुन्हा पुन्हा फिरतात. त्यातले काहीच खर्च होत नाही. रबरी नळ्यांतून आणि सांध्यांतून वर्षाला काही ग्रॅम झिरपतात, त्यामुळे सात-आठ वर्षांनी थोडा भरावा लागला तर नवल नाही. पण सहा महिन्यांत गॅस 'संपला' असेल तर कुठेतरी भोक आहे, हे निश्चित.

मग काट्याने मला का फसवले? त्याचेही उत्तर स्वयंपाकघरात आहे. घरच्या सिलिंडरात किती गॅस उरला आहे हे आपण दाबावरून सांगू शकत नाही. तळाशी थोडा द्रव असेतोवर दाब जवळपास तेवढाच राहतो. सिलिंडर देणारा माणूस म्हणूनच वजनकाटा लावून दाखवतो. गाडीच्या गॅसचेही तसेच. दाब हा हवेच्या तापमानावर, पंख्यावर, कॉम्प्रेसरवर अवलंबून असतो. किती ग्रॅम आत आहेत हे तो नेमके सांगत नाही. कमी भरला तर वारा गार होत नाही आणि जास्त भरला तरीही होत नाही. शिवाय कॉम्प्रेसरवर ताण येतो तो वेगळाच. गॅस भरायचा तो वजनाने. किती, ते बॉनेटखालच्या छोट्या चिठ्ठीवर ग्रॅममध्ये छापलेले असते. अकरा वर्षांत मी ती चिठ्ठी वाचली नव्हती.

त्या तरुणाने आधी नळ्यांच्या सांध्यांना साबणाचे पाणी लावून पाहिले. बुडबुडे नाहीत. मग यंत्रणेत नायट्रोजन भरून दाब धरून ठेवला. तासाभरात दाब उतरला. शेवटी गळती सापडली ती डॅशबोर्डमागच्या जाळीत, सुईच्या टोकाएवढी. सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागला. एक अख्खा दिवस आणि नऊ हजार दोनशे रुपये. जाळी बदलल्यावर अर्धा-पाऊण तास पंप लावून आतली हवा आणि ओल काढली, ती पोकळी टिकते का पाहिले आणि मग वजनकाट्यावर डबा ठेवून चिठ्ठीवरच्या आकड्याएवढाच गॅस भरला. त्यानंतर आजवर भरावा लागलेला नाही.

घरी येऊन मी डायरी काढली. चार भरण्यांचे सहा हजार चारशे, माझ्या डब्याचे आणि नळीचे अडीच हजार, म्हणजे आठ हजार नऊशे. भोक न बुजवता खर्च केलेले आठ हजार नऊशे, आणि भोक बुजवायला लागले नऊ हजार दोनशे.

बँकेतल्या माणसाला हा प्रकार नवा वाटू नये. एखाद्याचा धंदा बसलेला असतो. हप्ते थकतात. मग शाखेतला अधिकारी त्याला नवे कर्ज मंजूर करतो आणि त्या कर्जातून जुने हप्ते वळते होतात. खाते पुन्हा निरोगी दिसते. मार्चअखेर निभावते. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. पैसा धंद्यातून कुठे गळतो आहे, हे कुणी पाहत नाही, कारण पाहायला वेळ लागतो आणि जे सापडेल ते कुणालाच नको असते. एप्रिल १९९२ मध्ये रिझर्व्ह बँकेने थकीत कर्जे मोजण्याचे नवे नियम आणले तेव्हा आम्हा अधिकाऱ्यांची झोप उडाली होती. नियमाचा मथितार्थ एवढाच होता, की वरून भरू नका, गळती दाखवा. ज्याने हा नियम इतरांना लावला तोच मी तीन वर्षे गाडीत गॅस भरत राहिलो.

त्याच १९९२ साली, जून महिन्यात, आपला देश आणखी एका करारात सामील झाला. तो करार नेमका या गॅसशी संबंधित आहे. १९९२ पूर्वी हिशेब असा होता, की यंत्रातून गॅस गेला तर नुकसान फक्त मालकाचे. हा हिशेब चुकीचा ठरला त्याची कथा फार जुनी नाही.

१९३० साली टॉमस मिजली या अमेरिकन संशोधकाने शास्त्रज्ञांच्या सभेत एक नवा वायू छातीभरून ओढला आणि तो मेणबत्तीवर सोडून ती विझवून दाखवली. वायू विषारी नाही आणि पेट घेत नाही, हे त्याला सिद्ध करायचे होते. तोवर फ्रिजमध्ये अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइडसारखे घातक वायू असत, त्यामुळे हा शोध वरदान ठरला. दहा वर्षांच्या आत पॅकार्ड कंपनीने अमेरिकेत एसी असलेली मोटार विकायला काढली. आपल्याकडे एसीच्या गाड्या सर्रास दिसू लागल्या त्या १९८५ नंतर. त्यांतही मिजलीचाच आर-१२ वायू होता. पण १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी धोक्याची सूचना दिली होती, की हा वायू जमिनीवर निरुपद्रवी असला तरी वर आकाशात जाऊन ओझोनचा थर खातो. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांना अंटार्क्टिकावर तो थर विरळ झालेला प्रत्यक्ष सापडला. दोनच वर्षांत, १९८७ साली, माँट्रियलचा करार झाला. भारत आणि चीन यांचे म्हणणे होते, की भोक पाडले श्रीमंतांनी, तर ते बुजवण्याचा खर्चही त्यांनी द्यावा. १९९० मध्ये लंडनला तसा निधी उभारायचे ठरले आणि मग आपण सही केली. मोलिना आणि रोलंड यांना, पॉल क्रुटझेन यांच्यासह, १९९५ चे नोबेल मिळाले. भारतात या वायूंचे उत्पादन २००८ मध्ये थांबले. ओझोनचा थर आता हळूहळू भरून येतो आहे. जगाने एकत्र येऊन एक भोक खरोखर बुजवले, असे हे आपल्या हयातीतले दुर्मीळ उदाहरण आहे.

आर-१२ च्या जागी आला आर-१३४ए. माझ्या डब्यातला तो हाच. हा ओझोनला धक्का लावत नाही. पण त्याचा दुसरा दोष आहे. तो उष्णता धरून ठेवतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो आर-१३४ए हा १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापदायक. (जुना आर-१२ याहून सात-आठ पटींनी वाईट होता, हे खरे.) आता माझ्या त्या दुपारचा हिशेब मांडू. डब्यातले ४५० ग्रॅम गुणिले १४३० म्हणजे सुमारे ६४३ किलो. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे मी दोन-तीन मिनिटांत २८० लिटर पेट्रोलइतका ताप आकाशात सोडला. लिटरला पंधरा किलोमीटर धरा, ४२०० किलोमीटर झाले. खारघरची एक फेरी जाऊन-येऊन वीस किलोमीटरची. पंधरवड्याला एक धरली तर सौ.च्या तपासणीच्या आठ वर्षांच्या फेऱ्या! आणि हा वायू वातावरणात सुमारे १४ वर्षे टिकतो. मी असेन-नसेन, माझी ती दुपार वर तरंगत राहील.

उन्हाळा असह्य होतो म्हणून एसी लावायचा आणि त्या एसीतून निसटलेल्या वायूने पुढचा उन्हाळा अधिक तापवायचा, असा हा व्यवहार आहे. उपाय एसी बंद करणे हा नव्हे. बायपास झालेल्या बायकोला मी काच खाली करून बस असे सांगणार नाही, आणि दिवसभर टॅक्सी चालवणाऱ्याला ते सांगायचा अधिकार मला नाही. आक्षेप गारव्याला नसून गळतीला आहे.

घरी डबा जोडण्यात दुसराही एक धोका आहे, आणि तो आपल्या अंगणातला आहे. उरणच्या बंदरातून नाशिकची द्राक्षे, डाळिंबे, कोळंबी थंड कंटेनरमधून परदेशी जातात. २०११ साली अशा कंटेनरच्या शीतयंत्रांचे जगात काही ठिकाणी स्फोट झाले. व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये मिळून तीन कामगार मेले. तपासात निघाले, की आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये स्वस्त मिथाइल क्लोराइडची भेसळ होती. तो अॅल्युमिनियमशी संयोग पावून असे द्रव्य तयार करतो की ते हवेचा स्पर्श होताच पेट घेते. डब्यावरचे लेबल म्हणजे आतला माल नव्हे. माझ्या त्या तरुणाने मला हे सांगितले तेव्हा त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. त्याचे हात रोज त्याच यंत्रांत असतात.

मग घरी काहीच करू नये का? करावे, भरपूर करावे. स्कूटरवाल्यांची जात नष्ट व्हावी असे मला मुळीच वाटत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये पनवेलची ओळख बैलगाडीची चाके बनवणारे गाव अशी आहे. ज्या गावाने अख्ख्या कोकणच्या गाड्या चालवल्या, त्या गावच्या माणसाला हात काळे करायची लाज कसली?

वारा कमी येतो आहे का? पुढच्या कप्प्यामागे हवेची जाळी असते, ती काढून झटका. धुळीने गच्च भरली असेल तर नवी घाला. दोन-तीनशे रुपयांचे हे काम आहे, आणि 'एसी गेला' या तक्रारींतल्या कितीतरी तिथेच मिटतात. रेडिएटरपुढची जाळी पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. कळंबोलीच्या लोखंड बाजारावरून रोज जाणाऱ्या गाडीच्या जाळीत काय काय अडकते ते पाहून आश्चर्य वाटेल. जोराचा फवारा मात्र मारू नका, पात्या वाकतात. एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरतो का पाहा, कॉम्प्रेसर 'टक्' करून लागतो का ऐका. नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर गळती बहुधा तिथेच. कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येते. पावसाळ्यात-हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवा, म्हणजे ते तेल फिरते आणि सांध्यांची रबरे सुकत नाहीत. उन्हात तापलेल्या गाडीत बसताना आधी काचा उघडून कोंडलेली हवा जाऊ द्या. यातल्या कशालाही गॅसचे झाकण उघडावे लागत नाही. ते झाकण ही मर्यादा. त्याच्या अलीकडे आपण, पलीकडे जाणकार.

आणि जाणकाराकडे गेल्यावर तोंड उघडायचे. गाडीत किती गॅस उरला होता, तो हवेत न सोडता यंत्रात काढून घेतलात का? गळती शोधलीत का, कशी? पंप किती वेळ लावला? वजन करून भरलात का? सिलिंडर दाखवता का? पाच साधे प्रश्न. भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण या वीस मिनिटांच्या कामात मुकाट सोळाशे मोजतो.

पण सगळा दोष गॅरेजवाल्यावर टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. मी त्याला कधी ''गळती शोध'' म्हटले होते का? उलट ''लवकर आटप, डॉक्टरांची वेळ आहे'' एवढेच म्हणालो. गळती शोधायला दोन तास लागतात आणि त्या दोन तासांचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते. दोन तासांचे पैसे नाहीत आणि वीस मिनिटांचे सोळाशे आहेत, तर तो वीस मिनिटांचेच काम करणार. जुना वायू काढून साठवणारे यंत्र महाग असते. ते घेतले तर त्याची भरपाई कुठून होणार, हा त्याचा प्रश्न रास्त आहे.

इथे सरकारचे आणि बँकांचे काम सुरू होते. २०१६ मध्ये किगालीला ठरल्याप्रमाणे आर-१३४एसारखे वायूही टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. आपली कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर न्यायची आहे. युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत हा वायू चालत नाही. आपल्याकडे मात्र तो भरलेल्या असंख्य गाड्या पुढची पंधरा-वीस वर्षे रस्त्यावर राहणार आहेत. नव्या गाड्यांचा वायू बदलणे कारखान्याच्या हातात आहे; जुन्या गाड्यांतला वायू सांभाळणे पळस्प्याच्या, उरण नाक्याच्या, कळंबोलीच्या टपरीतल्या पोराच्या हातात आहे. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यात एक लाख कारागिरांना शिकवून प्रमाणपत्र द्यायचे उद्दिष्ट होते. प्रशिक्षण हवेच, पण प्रमाणपत्र भिंतीवर टांगून गॅस साठवता येत नाही. त्याला यंत्र लागते. २०१५ पासून मुद्रा योजना आहे. तिच्या पन्नास हजार ते पाच लाखांच्या गटात असे यंत्र सहज बसण्याजोगे आहे. पाच गॅरेजांत मिळून एक यंत्र घेतले तर हप्ताही जड जाणार नाही. मी शाखेत असतो तर असा प्रस्ताव डोळे मिटून नव्हे, उघडे ठेवून मंजूर केला असता. यात परतफेडीची शाश्वती आहे, कारण काढून घेतलेला गॅस शुद्ध करून पुन्हा वापरता येतो. तो माल आहे.

आता पंधरवड्याला खारघरची फेरी चालूच आहे. कळंबोलीला ट्रेलरची रांगही तशीच. मागच्या खेपेला सौ.ने पंख्याचा खटका एकने खाली केला आणि पदर अंगाभोवती घेतला. म्हणाली, ''गार लागतंय हो.'' मी स्टिअरिंगवरच्या उजव्या हाताकडे पाहिले. त्या दोन बोटांची कातडी अजून जराशी वेगळी दिसते.

वाचकहो, पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ''गॅस संपलाय'' म्हणाला तर पाकिटात हात घालू नका. आधी विचारा, ''गेला कुठून?''